कारागृहातल्या बायकांसाठी वर्ग घ्यायचाय? आधी वार ठरवा

गोव्यातल्या म्हापशात चित्रकलेच्या शिकवण्या घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातल्या महिलांसाठी चित्रं, गाणी, थोडं लेखन असं काहीतरी त्यांना विनामोबदला करायचं आहे. त्या त्याला 'हीलिंग' म्हणतात. मानसशास्त्राची पदवी नाही, तर सुरुवात कुठून करू, सोबत काय नेऊ, काय बोलू, आणि घरचे 'गुन्हेगारांसाठी कशाला जीव काढतेस' म्हणतात त्यांना काय सांगू, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पदवीचं नंतर बघू. आठवड्यातला कोणता वार तुम्ही वर्षभर मोकळा ठेवू शकाल, ते आधी ठरवा. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला जा, तेही जमत नसेल तर महिन्यातून एकदा. पण सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी दारात उभं राहायचं. मी चौदा वर्षं हे काम करतेय, आधी महाराष्ट्रात आणि मग गोव्यात, आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकीला हेच पहिलं सांगते.

आतल्या बाईला बाहेरचा प्रत्येक जण तारीख देतो आणि ती मोडते. वकील सोमवारी येतो म्हणतात, सोमवार जातो. कोर्टाची तारीख असते, पण न्यायला पोलिसांचा ताफा नसतो, मग पुढची तारीख. भाऊ चवथीच्या आधी भेटायला येणार असतो, त्याला रजा मिळत नाही किंवा गावात कोण काय म्हणेल म्हणून तो यायचंच टाळतो. अशा ठिकाणी 'मी दुसऱ्या बुधवारी अकरा वाजता येईन' म्हणणारी कुणी बाई खरंच दुसऱ्या बुधवारी अकरा वाजता येते, ही गोष्ट तिथल्या बायकांना किती मोठी वाटते ते तुम्हाला चौथ्या-पाचव्या भेटीला कळेल. तोवर त्या तुम्हाला फक्त पारखत असतात. माझ्या एका वर्गात पहिले तीन महिने एक बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चौथ्या महिन्यात मुसळधार पाऊस होता, मी पाच मिनिटं उशिरा पोचले, तर तीच दाराशी उभी. म्हणाली, "आज येणार नाही वाटलं." मग आत जाऊन परत भिंतीकडे तोंड करून पडली.

आता परवानगीचं. २०१५ साली आग्वादचं जुनं कारागृह बंद करून कैदी कोलवाळला हलवले, आणि आग्वादला आता संग्रहालय आहे. त्यामुळे गोव्यात कारागृहातलं काम म्हणजे कोलवाळचंच. अर्ज कारागृह महानिरीक्षकांच्या नावाने करायचा, प्रत अधीक्षकांना. एकट्या व्यक्तीपेक्षा नोंदणीकृत संस्थेच्या नावाने गेलेला अर्ज लवकर हलतो. म्हणून तुमच्या ओळखीतलं महिला मंडळ किंवा एखादी सामाजिक संस्था सोबत घ्या, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला भेटा, त्यांचं आत येणं-जाणं असतं. ओळखपत्र आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जोडा. अर्जात 'हीलिंग' हा शब्द लिहू नका. त्यातून कुणालाच काही कळत नाही आणि वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. काय करणार ते सरळ लिहा: अमुक इतक्या भेटी, प्रत्येक भेट दीड तासाची, मेणाचे खडू, कागद, माती, गाणी. सामानाची यादी शेवटच्या वस्तूपर्यंत द्या. बायकाही तुमच्या येण्याला 'क्लास'च म्हणतील, तेच नाव चांगलं आहे.

अर्जात सुरुवातीचा महिना कोणता मागायचा, यावरही थोडा विचार करा. राखीपौर्णिमेला आणि ८ मार्चला आत पाहुण्यांची रीघ लागते. मिठाई येते, भाषणं होतात, फोटो निघतात. जुलैमध्ये कुणी फिरकत नाही. बाहेर पाऊस, आत ओले कपडे वाळत नाहीत, दिवस सरता सरत नाही. मी नवा गट नेहमी पावसात सुरू करते.

सामानाबद्दल सविस्तर सांगते, कारण नवी माणसं इथेच अडकतात. कात्री, ब्लेड, काचेची बाटली, आरसा, तारेची वही यातलं काहीच आत जाणार नाही, आणि ते बरोबरच आहे. वही शिवलेली न्या. स्पिरिटचा वास येणारे मार्कर आणि उग्र गोंद घरीच ठेवा. आत नशेतून नुकत्याच सुटलेल्या बायका असतात. चिकटवायला घरी केलेली खळ चालते. लोकर किंवा दोरा न्यायचा असेल तर हातभराचे तुकडे करून न्या, लांब नको. याचं कारण तुमच्या लक्षात येईल, वर्गात ते बोलून दाखवू नका. शिवणाला प्लास्टिकच्या बोथट सुया मिळतात. दहा नेल्या तर दहा मोजून द्यायच्या आणि दहा मोजून परत घ्यायच्या, आणि ही मोजणी सगळ्यांसमोर करायची. एक सुई कमी भरली तर तुम्ही घरी जाल, पण झडती बायकांची होईल. दहा जणींच्या एका वर्गाला पाचशे-सातशे रुपयांत भागतं.

सगळ्यात चांगलं सामान मला फुकट मिळालं, ते म्हणजे आपली तांबडी माती. डिचोलीच्या माझ्या घरामागची माती चाळून, वाळवून मी पिशवीत भरून नेते. पाण्यात कालवली की रंग तयार, ब्रश लागत नाही. आपल्या जुन्या घरांच्या आणि देवळांच्या भिंतींवर कावी कला आहे, तिचा तांबडा रंग अशाच मातीतला. सुरुवातीला तेवढं सांगायचं आणि बोटांनी चित्र काढायला द्यायचं. एकदा एका थोराड बाईने कागद बाजूला सारला. तिने मातीत तळवा बुडवला आणि समोरच्या फरशीवर अर्धगोल फिरवला, त्याला लागून दुसरा अर्धगोल, मग तिसरा. खळं सारवताना शेणाचे उमटतात तसे. शेजारची पेडण्याकडची बाई थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "गे, हात असो न्हय, असो फिरय." आणि स्वतः बसली सारवायला. बघता बघता चौघी जणी फरशी सारवत होत्या, आणि एकीच्या घरी चुलीपुढे किती जागा होती, दुसरीची सासू कडेला कशी रेघ ओढायची, अशा गप्पा सुरू झाल्या. यातलं मी काही विचारलं नव्हतं. शेवटी फरशी धुऊन द्यायला आम्हाला वीस मिनिटं लागली, आणि त्या धुण्यातही गप्पा थांबल्या नाहीत.

हात कामात गुंतले की बाई बोलते, हे आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसूनच मनातलं बोलल्या. समोरासमोर खुर्च्या टाकून 'तुला काय वाटतं ते सांग' म्हटलं, तर आतली बाई गप्प होते, कारण अशा खुर्च्यांवर बसून तिला पोलिसांनी विचारलंय, वकिलांनी विचारलंय. म्हणून विचारूच नका. कोणता गुन्हा, किती वर्षं, नवरा कुठे, यातलं काही नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐका, आणि हातातलं काम चालू ठेवा. ओवी हा मला सापडलेला सगळ्यात सोपा मार्ग आहे. 'पहिली माझी ओवी' एवढं मी म्हणते, पुढचं जिला सुचेल ती जोडते. कोकणीत म्हणा, कन्नडमध्ये म्हणा, नुसतं गुणगुणा. गोव्यात आत भाषा फार असतात. मराठी-कोकणीबरोबर हिंदी, कन्नड असतेच, परदेशी बायकाही असतात. त्यामुळे बोलण्यावर चालणारे खेळ कमी आणि हातावर, तालावर चालणारे जास्त ठेवा. फुगडीला भाषा लागत नाही. पण कुणाचा हात तुम्ही धरू नका, त्यांना एकमेकींचे धरू द्या.

आणखी एक रीत आत न्यावी असं नव्या लोकांना हमखास वाटतं, ती म्हणजे डोळे मिटून ध्यान. बाहेर ते पुष्कळांना लागू पडतं. आत मात्र मारहाण, जबरदस्ती सोसून आलेल्या बायका पुष्कळ असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली महिला कैद्यांसाठी केलेल्या बँकॉक नियमांत दाखल होतानाच्या तपासणीतच आधी झालेल्या अत्याचारांची विचारपूस व्हावी असं म्हटलंय, ते यासाठीच. अशा बाईला डोळे मिटून शांत बसायला लावलं की त्या काळोखात तिच्यासमोर काय उभं राहील ते तुम्हाला माहीत नसतं. डोळे उघडे राहू द्या, नजर एखाद्या वस्तूवर ठेवा म्हणा. दाराकडे पाठ करून कुणाला बसवू नका. दर वेळी स्पष्ट सांगा की गप्प बसायची, कोपऱ्यात झोपायची, मधेच उठायची मुभा आहे. आत ज्याला 'नाही' म्हणता येईल असं फारसं काही नसतं, निदान तुमच्या वर्गाला म्हणता यावं.

आता माझी चूक सांगते. ते दुसरं वर्ष होतं, आणि माझ्या मते मी तोवर शिकले होते. 'न पाठवायचं पत्र' असा एक लेखनाचा पाठ मी घेतला. मुलाला लिहा, आईला लिहा, जिला लिहिता येत नाही तिने मला सांगावं, मी उतरवेन. बायका लिहीत गेल्या, रडत गेल्या, आणि मला आत कुठेतरी वाटत होतं की आज खरं काम झालं. मग वेळ संपली, महिला विभाग सांभाळणारी मेट्रन आली, मी सामान गोळा करून निघाले. त्या रात्री त्या सगळ्या तशाच बंद झाल्या. संध्याकाळी लवकर कुलूप लागतं, मग सकाळपर्यंत कुणी येत नाही, कुणाला फोन करता येत नाही. एकीचा मुलगा सहा वर्षांचा होऊन महिन्यापूर्वीच तिच्यापासून दूर गेला होता. आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंतच राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या निकालात ते आहे, आणि मला ते माहीत होतं. तिचा मुलगा गेलाय हे मात्र मी कुणाला विचारलं नव्हतं. ती दोन दिवस जेवली नाही. पुढच्या वेळी मेट्रनने मला बाजूला घेऊन हे सांगितलं. चढ्या आवाजात नाही, पण मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून शेवटची वीस मिनिटं मी कशालाही देत नाही. कितीही रंगलेलं असो, वीस मिनिटं उरली की हात धुवायचे, पाणी प्यायचं, मोजणी करायची आणि सगळ्यांना येतं असं एक गाणं म्हणायचं. त्यानंतर पुढची तारीख. आणि वर्ग सुरू होण्याआधी दहा मिनिटं मेट्रनजवळ बसायचं. कुणाची तारीख होती, कुणाकडे वाईट बातमी आली, कुणाचं मूल गेलं, हे तिला माहीत असतं. मेट्रन आणि महिला गार्ड यांना परकं समजू नका. त्याही तिथेच दिवस काढतात. माझ्या फुगडीच्या वर्गात एक गार्ड दोन महिने दाराशी उभी राहिली आणि तिसऱ्या महिन्यात पदर खोचून आत आली.

कुणी जीव द्यायचं बोललं, तर? पहिल्याच दिवशी गटाला सांगून ठेवा की इथलं बोलणं मी बाहेर नेणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर ते मी लगेच अधिकाऱ्यांना सांगेन. मग तसं झालं की त्याच क्षणी सांगा, घरी जाऊन विचार करत बसू नका. पुढचं काम कारागृहाच्या डॉक्टरांचं आणि गरज पडली तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं. तुमच्या पदवीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. तुम्ही उपचार करायला जात नाही आहात. चित्रकलेच्या शिक्षिकेकडे जे असतं ते घेऊन जा, ते पुष्कळ आहे. फक्त तुमचं काम कुठे संपतं आणि पुढे कुणाला हाक मारायची, हे पक्कं माहीत हवं. महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या समुपदेशकाशी स्वतःसाठी बोलत चला. आतलं ऐकलेलं मुरत जातं आणि त्याचा त्रास घरच्यांना होतो. मी परतताना शापोरा नदीजवळ गाडी थांबवून थोडा वेळ बसते, घरी येऊन आंघोळ करते आणि मगच जेवायला बसते. फार वाईट दिवस असेल तर १४४१६ ही टेलीमानसची सरकारी फोनसेवा आहे. ती तुमच्यासाठीही आहे.

पहिल्या दिवसापासून तुम्हाला एक प्रश्न येणार: "माझ्या केसचं काय?" त्याचं उत्तर द्यायला जाऊ नका, पण 'मला माहीत नाही' म्हणून सोडूनही देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोठडीत असलेल्या माणसालाही मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा) कलम ४७९ नुसार, आधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचाय त्याने, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याच्या सुटकेचा विचार व्हावा लागतो. मात्र फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकाहून जास्त खटले असले तरी हा लाभ मिळत नाही. अमली पदार्थांच्या मोठ्या साठ्याच्या केसमध्ये तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३७ मुळे जामीनच फार कठीण. हे सगळं वकिलाने सांगायचं आहे. तुम्ही विधी सेवा प्राधिकरणाचं नाव आणि १५१०० हा नंबर सांगा, आणि अधीक्षकांना विचारून प्राधिकरणाच्या वकिलांची एक भेट ठरवता आली तर ठरवा. केसच्या काळजीने पोखरलेल्या बाईच्या हातात खडू देऊन 'मन मोकळं कर' म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

चिठ्ठी मात्र कधीच नेऊ नका. 'माझ्या बहिणीला एवढं फक्त सांगा' असं म्हणणारी बाई तुमच्यासमोर हात जोडेल आणि तुम्हाला गलबलून येईल. तरी नाही. चोरून वस्तू किंवा निरोप ने-आण करणं हा कारागृह कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय तुम्ही पकडला गेलात तर वर्ग बंद होतो आणि दहा जणींचा बुधवार जातो. निरोपासाठी अधिकाऱ्यांकडे अर्ज कसा करायचा ते तिला समजावून सांगा, लिहिता येत नसेल तर तिथेच, सगळ्यांसमोर लिहून द्या.

चित्रं जिची तिची. ती घरी न्यायची, प्रदर्शनात लावायची, फोनवर टाकायची असं तुम्हाला वाटेल. फोटो काढायला तिथे मनाई आहेच, पण परवानगी मिळाली तरी दोनदा विचार करा. गोव्यात महिला कैदी मुळात थोड्या. गाव, वय, मुलांची संख्या एवढं सांगितलं तरी बाई ओळखू येते. मीही वर सांगितलेल्या बायकांचे तपशील बदलले आहेत आणि कोणती गोष्ट कोणत्या कारागृहातली ते मुद्दाम सांगितलेलं नाही. हजेरीचा कागद काही जणी मागतील, सुटकेला उपयोगी पडेल या आशेने. अधीक्षक देत असतील तर ठीक, तुम्ही कबूल करू नका.

घरच्यांना काय सांगायचं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. हे सांगा, आणि हेही सांगा की काहींनी खरंच भयंकर कृत्यं केलेली असतात. माझ्या वर्गात अशा बायका होत्या. ज्यांचं त्यांनी वाईट केलं त्यांचं दुःख मी कधी हलकं मानलं नाही, आणि एकदोन वेळा आतून इतकी ढवळले की पुढच्या वेळी जाऊ नये असं वाटलं. गेले. ती बाई आज ना उद्या सुटून आपल्याच गावात, आपल्याच बसमध्ये येणार आहे. ती कशी होऊन यावी, एवढाच विचार मी करते.

आणि ती येते. त्याबद्दल शेवटचा नियम: बाहेर भेटली तर आपणहून ओळख द्यायची नाही. तिच्यासोबत कोण आहे, त्यांना काय माहीत आहे, आपल्याला ठाऊक नसतं. म्हापशाच्या बसस्टँडवर एका शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीत, मला अशी एक जण दिसली. सोबत एक म्हातारी आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी होती. तिने मला पाहिलं, मी पिशवीत काहीतरी शोधू लागले. डिचोलीच्या बसमध्ये बसले तेव्हा खिडकीवर टकटक झाली. ती मुलगी होती. दोन केळी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आवयन दिल्यात," आणि पळाली.